रेडिओलॉजिस्टच्या मागच्या स्टुलावर : दवाखान्यात शिकायला जाणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

हॉस्पिटलात याला 'ऑब्झर्वरशिप' म्हणतात, कॉलेजच्या फॉर्मवर 'इंटर्नशिप' लिहावं लागतं आणि आजीला सांगताना 'एका डॉक्टरबाईंच्या मागे बसते' एवढंच सांगता येतं. त्यातल्या त्यात आजीची व्याख्या बरोबर. इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षानंतर मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, रेडिओलॉजी विभागात (एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी जिथे होतात तो), चार आठवडे अशी मागे बसले. पुढे नोकरीही याच क्षेत्रात लागली. आता दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी ज्युनिअर तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट. सगळे जण स्क्रीन बघायला जातात, मीही त्यासाठीच गेले होते. पण स्क्रीनवर प्रतिमा उमटते तेव्हा अर्धं काम होऊन गेलेलं असतं आणि उरलेलं अर्धं अजून व्हायचं असतं. इंजिनिअरला करण्यासारखं जे काही असतं, ते बहुतेक या दोन अर्ध्यांत सापडतं.

पत्र

विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असेल तर अधिष्ठात्यांच्या नावे, खासगी किंवा ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, आणि एक प्रत रेडिओलॉजीच्या प्रमुखांना. तारखा, वेळ आणि कॉलेजातल्या गाइडचं नाव लिहा. शिवाय तीन वाक्यं हवीतच : मी फक्त निरीक्षण करीन, रुग्णाला किंवा मशीनला हात लावणार नाही, फोटो आणि डेटा घेणार नाही. या तीन वाक्यांनी अर्ज जितका लवकर हलतो तितका ओळखीनेही हलत नाही.

निवड करता येत असेल तर शिकवणारं हॉस्पिटल निवडा. खासगी सेंटरमध्ये मशीन नवंकोरं असतं, पण समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. मेडिकल कॉलेजात मशीन जुनं असेल, बाहेर रांग असेल, पण शेजारी रेसिडेंट डॉक्टर असतात. तेही शिकतच असतात, त्यामुळे तुमचा बावळट प्रश्न त्यांना फारसा बावळट वाटत नाही. फक्त त्यांच्या परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका.

प्रोजेक्टसाठी प्रतिमा हव्या असतील तर तो वेगळा अर्ज, वेगळी वाट. त्याबद्दल शेवटी.

जाण्याआधी काय वाचायचं

फार नाही. प्रतिमा मांडण्याच्या तीन दिशा (अ‍ॅक्सिअल, कोरोनल, सॅजिटल), क्ष-किरणांत हवा, चरबी, पाणी, हाड आणि धातू कसे वेगवेगळे दिसतात, आणि एक नियम : फिल्मवर तुमच्या डावीकडे दिसतं ते रुग्णाचं उजवं. यकृत चुकीच्या बाजूला आहे असं मी पहिल्याच दिवशी मोठ्या आवाजात जाहीर केलं होतं. तुम्ही करू नका.

आणि बुजू नका. सीटी स्कॅनर बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीतले इंजिनिअर होते, तीच ग्रामोफोन रेकॉर्डवाली कंपनी. पहिल्या रुग्णाचा स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात झाला. १९७९चं नोबेल त्यांना आणि भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉर्मॅक यांना मिळालं, तेही वैद्यकशास्त्राचं. दोघांपैकी डॉक्टर एकही नव्हता.

खिसे रिकामे करा

एमआरआयच्या खोलीबद्दल पहिल्या दिवशी जे सांगतील ते निमूट ऐका. मशीन शांत दिसलं तरी चुंबक चालूच असतं, रात्री, रविवारी, दिवाळीतही. चुंबकाची ताकद दीड टेस्ला असेल तर ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. जानेवारी २०१८मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि चुंबकाने सिलिंडरसह ओढला जाऊन दगावला. किल्ल्या, फोन, एटीएम कार्ड, पेन, घड्याळ, केसांतल्या पिना, नाकावर तार असलेला मास्क, सगळं बाहेर. टेक्निशियन स्वतःहून 'या' म्हणेपर्यंत दाराच्या अलीकडेच थांबा. भिंतीवरचं लाल क्वेंच बटण ओळखून ठेवा आणि त्याच्या आसपास टेकू नका. ते दाबलं गेलं तर उणे २६९ अंशांचं द्रवरूप हेलियम उकळून उडून जातं, मशीन कित्येक दिवस बंद पडतं आणि बिल लाखांत येतं.

त्या दाराला तांब्याची झालर का असते ते मात्र जरूर विचारा. अख्खी खोली म्हणजे फॅरडेचा पिंजरा, बाहेरचे रेडिओ सिग्नल अडवणारी धातूची पेटी. प्रतिमा ज्यातून बनते तो शरीरातल्या हायड्रोजनचा सिग्नल दीड टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर येतो. दार नीट लागलं नाही तर बाहेरचे रेडिओ सिग्नल आत शिरतात आणि प्रतिमेवर पँटच्या चेनसारखी रेघ उमटते. तिला 'झिपर' असंच म्हणतात. टेक्निशियन ती रेघ बघून आधी दाराकडे बघतो, मग कॉम्प्युटरकडे.

रेडिएशनची भीती बाळगू नका, पण शिस्त पाळा. अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार रेडिएशनच्या कामावर असणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० एवढी मर्यादा असते. सामान्य माणसाला वर्षाला १. तुम्ही सामान्य माणसांत मोडता. म्हणून एक्सपोजरच्या वेळी कन्सोलच्या खोलीत, शिशाच्या काचेमागे राहायचं. वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे निघत असेल तर दोन-तीन पावलं आणखी मागे सरका, अंतर दुप्पट केलं की डोस पाव होतो. लहान मूल रडतंय म्हणून धरायला पुढे होऊ नका, त्यासाठी आई-वडिलांना एप्रन देतात. बेरियमच्या किंवा इंटरव्हेन्शनच्या खोलीत (जिथे एक्स-रेवर बघत बघत तपासणी किंवा उपचार करतात) गेलात तर एप्रन आणि गळ्याची पट्टी दोन्ही घाला, आणि काढल्यावर एप्रन हँगरलाच लावा. घडी घालून ठेवला तर आतल्या शिशाला भेगा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. स्टाफच्या छातीवर एप्रनच्या आत जो छोटा बिल्ला असतो तो टीएलडी बॅज, अंगावर पडलेल्या रेडिएशनची नोंद ठेवणारा. तो दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. सहज म्हणून एखाद्याचा उचलून लावू नका, त्याच्या नावावर तुमचा डोस जाईल.

कुठे बसायचं, कधी बोलायचं

रिपोर्टिंग रूम अंधारी असते. डॉक्टरांच्या तिरकं मागे, स्क्रीन दिसेल आणि त्यांची कोपरं मोकळी राहतील असं बसा. मला एक प्लास्टिकचं स्टूल मिळालं होतं. त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळे झोप लागायची सोय नव्हती.

रिपोर्टवर सही होईपर्यंत बोलू नका. हे फक्त सभ्यतेसाठी नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुप्फुसांच्या सीटीत गाठी शोधायला २४ रेडिओलॉजिस्ट बसवले होते. काही स्लाइसमध्ये (सीटीत शरीराचे एकेक काप दिसतात, त्यांना स्लाइस म्हणतात) गोरिलाचं चित्र चिकटवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही. त्यातल्या बऱ्याच जणांची नजर नेमकी त्यावरून फिरली होती, हे डोळ्यांचा माग घेणाऱ्या यंत्राने टिपलं. एक गोष्ट शोधताना दुसरी निसटते, आणि त्यात दर पाच मिनिटांनी फोन. "मॅडम, कॅज्युअल्टीचा सीटी झाला का?" "सर, तो कालचा रिपोर्ट?" त्यात तिसरा तुमचा प्रश्न नको.

स्क्रीनपेक्षा डॉक्टरांचा हात बघा. माउस सरसर फिरत असतो आणि एका स्लाइसवर थांबतो. दोन स्लाइस मागे, एक पुढे, पुन्हा मागे. मग जुना स्कॅन शेजारी उघडतात. वहीत लिहा : कुठे थांबला, किती वेळ, कशाशी ताडून बघितलं. सही झाल्यावर विचारायचा प्रश्न 'हे काय आहे?' हा नाही. 'इथे का थांबलात?' हा आहे. त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नसतं आणि डॉक्टरांनाही ते सांगायला आवडतं.

डिक्टेशनही ऐका. अनेक ठिकाणी डॉक्टर इंग्रजीत रिपोर्ट सांगतात आणि टायपिस्ट टाइप करतात. एक 'नो' गळला की रिपोर्टचा अर्थ उलटा होतो. ज्यांच्या मागे मी बसायचे त्या मॅडम सही करण्याआधी प्रत्येक 'नो' आणि प्रत्येक डावं-उजवं यावर बोट ठेवून वाचायच्या. मी विचार केला होता की इतक्या हुशार बाई असं पहिलीतल्या मुलासारखं का वाचतात. आठवडाभराने कळलं.

सीटी : विंडो एकदा समजून घ्या

बाकी काही आलं नाही तरी हे यायला हवं. सीटीत प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, घट्ट हाड १०००च्या घरात. एवढा मोठा पट्टा काळ्या-पांढऱ्याच्या छटांत एकदम दाखवला तर मेंदू हा नुसता करडा गोळा दिसेल. म्हणून आकड्यांचा हवा तेवढाच तुकडा निवडतात, तीच विंडो. मेंदूसाठी मध्य ४० आणि रुंदी ८० घेतात. म्हणजे ० ते ८० एवढ्यालाच सगळ्या छटा वाटून द्यायच्या. ताजं रक्त साधारण ५० ते ७०मध्ये येतं, ते लगेच उजळ दिसतं. छातीच्या स्लाइसला आधी मऊ ऊतींची विंडो लावली तर फुप्फुसं म्हणजे दोन काळी भोकं. मध्य उणे ६०० आणि रुंदी १५०० केली की त्याच भोकांतून झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या दिसायला लागतात. डेटा तोच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी "अय्या" म्हणाले होते, अंधारात, सगळ्यांसमोर.

मशीन लर्निंगचं प्रोजेक्ट करणाऱ्यांनी इथे थांबावं. नेटवरून उतरवलेल्या जेपीईजी प्रतिमेत कुणीतरी एक विंडो आधीच लावून बाकीची माहिती फेकून दिलेली असते.

सोनोग्राफीच्या खोलीत

इथे दार उघडतानाच सावध व्हा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. पुढे १९९४चा केंद्राचा पीसीपीएनडीटी कायदा आला. प्रत्येक मशीनची नोंदणी, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीमागे फॉर्म एफ हा नोंदीचा कागद, भिंतीवर पाटी. यात विद्यार्थ्याला करण्यासारखं काही नाही आणि बिघडवण्यासारखं खूप आहे. गरोदर बाईची तपासणी असेल तर न सांगता बाहेर जा. बसायला सांगितलं तर आधी त्या ताईंची परवानगी घेतली आहे ना हे बघा. फोन बाहेर ठेवा. प्रोब (अंगावर फिरवायचा मशीनचा भाग) हातात घेऊ नका, गमतीनेही नाही. आणि 'खिशात मावेल असं सोनोग्राफी मशीन' हे प्रोजेक्ट डोक्यात असेल, तर सर्किटच्या आधी हा कायदा वाचा. नोंदणी नसलेल्याला मशीन विकताही येत नाही.

बाकी तपासण्यांत ही खोली सगळ्यात जास्त शिकवते, कारण इथे प्रतिमा डॉक्टरांच्या मनगटातून तयार होते. पोटासाठी वक्र प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्झ, खोलवर जातो पण बारकावा कमी. थायरॉइडसाठी सरळ प्रोब, वरची फ्रिक्वेन्सी, बारकावा जास्त पण खोली कमी. मशीन आवाजाचा वेग १५४० मीटर प्रतिसेकंद धरून चालतं, चरबीत तो कमी असतो, म्हणून अंतरं थोडी फसवतात. एकदा डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी) रक्तवाहिनीच्या मधोमध लाल रंग एकाएकी निळा झाला. मला वाटलं रक्त उलटं वाहतंय. मॅडमनी स्केल वाढवलं आणि रंग सरळ झाला. नायक्विस्ट! मोजण्याचा वेग कमी पडला की सिग्नल भलताच दिसतो, तोच नियम. सिग्नल्सच्या पेपरात त्याच प्रश्नाला मला १० पैकी ४ मिळाले होते.

एक दिवस काउंटरवर काढा

चौथ्या दिवशी मी मॅडमना म्हणाले, फ्रॅक्चर ओळखणारा अल्गोरिदम करू का. त्या म्हणाल्या, "कर की. आधी एक दिवस बाहेर खिडकीपाशी बस." मला शिक्षा वाटली.

त्या दिवशी जे बघितलं ते असं. एका आजोबांच्या चिठ्ठीवर 'गुडघा एक्स-रे' एवढंच, कुठला ते नाही. आजोबा म्हणाले, दुखतात दोन्ही. एका काकूंच्या पिशवीत तीन वर्षांच्या फिल्म एकमेकींना चिकटलेल्या, कारण पिशवी खिडकीत उन्हाला होती. सोनोग्राफीला आलेल्या मुलीला 'पाणी पिऊन बसा, लघवी लागली की सांगा' म्हटलेलं. तिला लागली तेव्हा आत इमर्जन्सी. ती जाऊन आली आणि तिचा नंबर आल्यावर ब्लॅडर रिकामं. पुन्हा पाणी, पुन्हा दीड तास. (भरलेलं ब्लॅडर आतड्यांना बाजूला सारतं आणि आवाजाला वाट करून देतं, म्हणून हा खटाटोप.) एमआरआयच्या दारात एका ताईंची जोडवी निघेनात, साबण आणायला मावशी धावल्या, वीस मिनिटांचा स्लॉट गेला. छातीच्या एक्स-रेला एका मुलीची वेणी पुढे राहिली आणि फुप्फुसाच्या वरच्या टोकाला अशी सावली आली की टेक्निशियन दादांनी स्वतःच कपाळावर हात मारून पुन्हा काढला. गळ्यातला ताईत, ब्लाउजची पिन, कमरेची साखळी, प्रत्येकाची एकेक सावली.

यातलं काहीही माझ्या अल्गोरिदमच्या डेटासेटमध्ये नव्हतं. आणि अल्गोरिदमला काय दिसेल याचाही भरवसा नसतो. २०१८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात न्यूमोनिया शोधणारं नेटवर्क एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलातला आहे हेच ओळखायला शिकलं होतं. त्याला मदत झाली ती फिल्मच्या कोपऱ्यातल्या डाव्या-उजव्याच्या धातूच्या खुणेची. ही सॉफ्टवेअर निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. टीबीच्या प्राथमिक तपासणीसाठी छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१मध्ये, १५ वर्षांवरच्या लोकांसाठी, मान्यता दिली. मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी त्यातलंच काम करते. पण जिथे एक्स-रे वाचायला माणूसच नाही तिथे ते कामाचं, आणि जिथे माणूस आहे पण चिठ्ठीवर गुडघा कुठला ते नाही तिथे दुसरंच काहीतरी कामाचं. तुम्ही कुठे बसला आहात ते आधी बघा.

टेक्निशियन दादा, वॉर्डातले मामा, मावशी, सिस्टर यांच्याशी ओळख करा. दुपारच्या चहाला त्यांच्यात बसा. मशीन कुठल्या स्थितीत अडतं, कुठली केबल रोज हलवून बसवावी लागते, हे डॉक्टरांना माहीत नसतं आणि कंपनीच्या माणसाला कुणी सांगत नाही.

रुग्ण तुम्हाला विचारणारच

पांढरा कोट घालायला लावला नसेल तर घालू नका. 'विद्यार्थी' लिहिलेलं ओळखपत्र बाहेर लटकू द्या. तरीही कुणीतरी हळूच विचारेल, "काय निघालं ओ?" उत्तर ठरवून ठेवा : "मी डॉक्टर नाही काका, शिकायला आले आहे. डॉक्टर सांगतील." 'काही नाही, ठीक आहे' हे चार शब्द जिभेवर येतात, ते गिळा.

तोंडापेक्षा चेहरा अवघड. एकदा यकृताची सोनोग्राफी चालू होती. मॅडम बोलता बोलता गप्प झाल्या, प्रोब एका जागी थांबला आणि त्या मोजमाप घ्यायला लागल्या. टेबलावरच्या काकांना काही कळलं नव्हतं, पण त्यांची बायको मॅडमकडे न बघता माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांचा चेहरा सरावलेला असतो, नवख्याचा नाही, हे त्या बाईंना बरोबर ठाऊक होतं. मी वहीत डोकं घातलं. त्याहून चांगलं काही मला अजूनही सुचलेलं नाही.

वही

पाच रकाने : वेळ, काम, कोण करतंय, कुठे थांबलं, का. नाव, आद्याक्षरं, केस पेपर नंबर काही लिहायचं नाही. 'पन्नाशीचे गृहस्थ' पुरे. पहिला आठवडा उपायाचा रकाना ठेवू नका, नाहीतर प्रत्येक अडचण तुमच्या ठरलेल्या उपायाच्या आकाराची दिसायला लागते. रोज रात्री त्यातली एक अडचण एका वाक्यात लिहा : कुणाला, केव्हा, काय जड जातं. वाक्यात 'अ‍ॅप' हा शब्द आला तर खोडा.

डेटा हवा असेल तर

संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे गाइड आणि डॉक्टर दोघांच्या नावाने अर्ज करावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आणि एआयसाठीची २०२३ची, दोन्ही वाचून जा. वेळ लागतो, त्यामुळे सेमिस्टरच्या शेवटी धावाधाव नको.

'नाव काढून टाकलं' म्हणजे काम झालं असं नाही. डायकॉम फाइलच्या (वैद्यकीय प्रतिमा याच स्वरूपात साठवतात) हेडरमध्ये, म्हणजे प्रतिमेसोबतच्या माहितीत, नावाखेरीज जन्मतारीख, संदर्भ देणारे डॉक्टर, तपासणीचा क्रमांक असतो, आणि प्रत्येक कंपनीचे स्वतःचे खासगी टॅग वेगळेच. सोनोग्राफीत नाव थेट प्रतिमेच्या पिक्सेलमध्ये छापलेलं असतं, हेडर पुसून ते जात नाही. डोक्याच्या सीटीतून तर त्रिमितीय चेहराच उभा करता येतो. ही सफाई हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर व्हायला हवी, फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर आल्यानंतर नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'इंटरेस्टिंग केस' म्हणून कुणी काही पाठवलं तर ते प्रोजेक्टमध्ये वापरू नका, मग पाठवणारे डॉक्टर का असेनात.

शेवटचा दिवस

एक पान लिहून द्या, पीपीटी नको. तुम्हाला दिसलेल्या तीन अडचणी आणि त्यातल्या कुठल्या तुमच्या गैरसमजामुळे असू शकतात ते. मी सोनोग्राफीच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं : पाणी प्यायल्याची वेळ चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहा आणि नंबर त्याप्रमाणे लावा. मॅडमनी वाचलं, काउंटरवरच्या काकूंना हाक मारली आणि काकू म्हणाल्या, "हे मी मागच्या वर्षी सांगितलं होतं." दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर वेळ लिहिली जायला लागली. श्रेय अर्थातच काकूंचं.

टेक्निशियन दादांना आणि मामांना नावाने भेटून निरोप घ्या, पुन्हा यायचं असेल तर दार तेच उघडतात. आणि ओळखपत्र ऑफिसात परत करा. माझं बॅगेच्या तळाशी राहिलं होतं, त्यासाठी मला तीन फोन आले आणि कॉलेजचं प्रमाणपत्र तोवर अडकून बसलं.